वाऱ्याची शर्यत

फार फार वर्षांपूर्वी एका माळरानावर वाऱ्या नावाचा काळवीट राहत असे. धावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण एकदा रानाच्या वार्षिक शर्यतीत चिंगी सशिणीकडून हरल्याच्या रागात त्याने तिचा पाय मोडला, आणि रानाने त्याला दोन वर्षं हद्दपार केलं. शिक्षा भोगून तो ऐन शर्यतीच्या दिवशी परतला.

"याला धावू देऊ नका!" अर्धं रान ओरडलं.

"शिक्षा भोगलीय त्याने!" उरलेलं गरजलं.

पंच असलेला गवा म्हणाला, "चिंगी सांगेल तसं."

चिंगी लंगडत पुढे आली. "धावू दे त्याला. पण मी माफ केलंय, असं कुणी समजू नका."

वाऱ्या असा सुटला, की बघणाऱ्यांचे श्वास अडकले! जिंकला! हार गळ्यात पडताच तो चिंगीसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"छान धावलास," ती म्हणाली. "आता ओढ्याकाठचं कोवळं गवत आणून दे. माझ्याने तिथवर चालवत नाही."

वाऱ्या शर्यतीपेक्षाही जोरात धावला.