कथील विरुद्ध शिसे

एका जंगलात एक हंडा होता. जंगलाचे नाव सांगत नाही, कारण तिथे अब्रुनुकसानीचे खटले फार चालतात. हंडा तांब्याचा होता आणि चांगला ऐसपैस होता. त्यात रोज चिंचेचे सार शिजे आणि वाघापासून घुशीपर्यंत सगळे ते पीत. वाघ कुरकुर करी, पण पिई. त्या राज्याला राज्य म्हणायचे ते या हंड्यामुळे. नुसती झाडे काय, कुठल्याही जंगलात असतात.

तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे तुमच्याआमच्या घरातही माहीत आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी हंड्याला आतून कल्हई लागे. ते काम साळबा नावाच्या साळिंदराकडे होते. साळबा विधुर होता, बोलायला काटेरी होता, आणि त्याला बाभळी नावाची एकच लेक होती. आई गेल्यापासून ती बापाच्या पाठीला पाठ लावून झोपे. दोन साळिंदरांना हे कसे जमते ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

साळबाच्या घराण्यात एक रिवाज होता. हंडा तापला, नवसागराची पूड पडली, की तो धातूची कांडी राजाच्या कानाशी धरून वाकवी. कांडी कथलाची असेल तर वाकताना करकर आवाज येतो. कल्हईवाले म्हणतात, कांडी रडली. कांडी रडली की राजा मान हलवी, आणि मगच ती हंड्याला लागे. न रडलेली कांडी हंड्याला लावायची नाही, एवढाच काय तो त्या राज्याचा कायदा होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता.

राजा होता वशिंडराज नावाचा गवा. त्याचा मेहुणा मुसंडराव रानडुक्कर. गव्याचा मेहुणा रानडुक्कर कसा, असे विचारू नये. सत्तेत नाती अशीच लागतात. हा मुसंडराव एकदा कंद उकरत असताना त्याला जमिनीत शिसे लागले. पुढच्या आठवड्यात ती टेकडी त्याच्या नावावर झाली, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात हंड्याला शिशाची कल्हई लावावी अशी जनतेची तीव्र इच्छा असल्याचे टिटवीने जाहीर केले. टिटवी ही राज्याची दवंडीवाली. जनतेची इच्छा जनतेला कळवणे हे तिचे काम होते.

साळबाने विरोध केला. मग राजा म्हणाला, आपल्याकडे लोकशाही आहे, सभा घ्या.

सभेत आधी साळबा बोलला. तो कारागीर, त्याला भाषण येत नव्हते, माहिती येत होती.

"दोन्ही धातू करडे, दोन्ही मऊ, दोन्ही चुलीवर वितळतात," तो म्हणाला. "इथवर ते भाऊ. पण कथील पांढरट, लवकर वितळतं, आणि आंबटाला सहसा दाद देत नाही. शिसं त्याच्या दीडपट जड. कापलं की चकाकतं, घटकेत काळवंडतं. पानावर ओढलं तर काळी रेघ उमटते. मी शिशाला नावं ठेवत नाही. जाळ्याला वजन म्हणून लावा, गवंड्याला ओळंबा करून द्या, छपराच्या भेगा बुजवा. पण आंबटात ते उतरतं आणि अंगात जाऊन बसतं. बसलं की उठत नाही. पोटात घालायचा धातू नाही तो."

दोनचार माकडांनी जांभया दिल्या. मग मुसंडराव उठला.

"बंधूंनो, भगिनींनो, आणि झाडावर बसलेल्या विचारवंतांनो! हे कथील येतं कुठून? समुद्रापलीकडून! आणि शिसं? आपल्या मातीतलं, आपल्या टेकडीतलं!"

"तुमच्या टेकडीतलं," साळबा म्हणाला.

"मी तुमचाच आहे!" मुसंडराव गहिवरला. "कथील जरासं वाकवलं की रडतं. माझ्या शिशाकडं बघा. वाकवा, ठोका, चेपा, हूं नाही की चूं नाही. सांगा, राज्याला कोणता धातू हवा? रडणारा की सोसणारा?"

"सोसणारा!" रानम्हशी ओरडल्या. त्यांना सोसण्याचा अनुभव होता.

मतदानाची पद्धत राजाने स्वतः शोधून काढली. प्रत्येकाला सुपारीएवढा एक तुकडा मिळणार, ज्याला कथील हवे त्याला कथलाचा, ज्याला शिसे हवे त्याला शिशाचा. तुकडे आपापल्या पारड्यात टाकायचे. जे पारडे खाली जाईल तो धातू निवडून आला. "मतं मोजताना चूक होते," राजा म्हणाला, "तराजू कुणाचा नसतो." साळबाला हे पटले. जन्मभर तराजूवर विश्वास ठेवलेला माणूस तो, म्हणजे साळिंदर. शिसे दीडपट जड असते हे भर सभेत आपणच सांगितले आहे, याची त्याला त्या क्षणी आठवण राहिली नाही. शहाण्या लोकांचे हे असे होते, आणि म्हणून मला त्यांचा फार राग येतो.

जंगलात दोनशे मतदार होते. एकशे दहा जणांनी कथील टाकले, नव्वद जणांनी शिसे. शिशाचे पारडे खाली गेले.

"जनतेने वजनदार कौल दिला!" टिटवी ओरडली.

"अहो, मतं आमची जास्त आहेत!" साळबा म्हणाला.

"तुमची मतं हलकी आहेत," राजा शांतपणे म्हणाला. "हलक्या मतांचाही आम्ही आदर करतो."

साळबाने हंड्याला शिसे लावायला नकार दिला. मग मुसंडरावाच्या भाच्यांनी ते लावले. त्यांना कल्हई येत नव्हती, त्यामुळे ते जाड बसले. दुसऱ्या दिवशी सार शिजले, पहिला घोट घेतला गेला, आणि सगळे जंगल चकित झाले. सार गोड लागत होते.

आंबटात शिसे उतरले की गोडी येते, हे साळबाला माहीत होते. घातक गोष्ट नेमकी गोड असावी ही निसर्गाचीच लबाडी. पण जन्मभर तोंड वाकडे करून आंबट प्यालेल्यांना हे कोण सांगणार? कथलाला मत दिलेलेही दोनदोन वाडगे मागू लागले. वाघाची कुरकुर थांबली. "आधीच्या राजवटीने आपल्याला आंबट का पाजलं?" असा प्रश्न तरुण ससे विचारू लागले. आधीची राजवटही वशिंडराजाचीच होती, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही.

"बाभळे, तू ते पिऊ नकोस," साळबा म्हणाला.

"बाबा, सगळे पितात. तुम्ही हरलात म्हणून मी का उपाशी राहू?"

हंडा एकच होता.

पावसाळा सरेपर्यंत जंगलात पोटदुखी सुरू झाली. हिरड्यांवर काळीनिळी रेघ दिसू लागली. साळबा ती रेघ बोटाने दाखवत घरोघर फिरला. तेव्हा सरकारने तातडीने पाऊल उचलले आणि त्या रेघेला 'निष्ठारेषा' असे नाव दिले. ज्याच्या हिरडीवर रेघ नाही त्याला सार मिळणार नाही, असा हुकूम निघाला. साळबाच्या हिरड्या लालभडक होत्या. तो मुळ्या खाऊन राहू लागला, आणि टिटवी त्याला विरोधी पक्ष म्हणू लागली. राज्यात तो एकटाच उरल्यामुळे हे पद आपोआप त्याच्याकडे आले.

मग पिल्ले विसरू लागली. शाळेत वीसपर्यंत मोजणारी पिल्ले सातावर अडू लागली. सरकारने परीक्षा पाचपर्यंतच ठेवली आणि निकाल शंभर टक्के लागला. मग पुढचे पाय मनगटात लुळे पडू लागले. राजाने जाहीर केले की आपल्या राज्यात आता कुणी कुणावर हात उगारत नाही.

बाभळीचे पंजेही लोंबू लागले. एके दुपारी एक कोल्हा तिच्यावर गुरगुरला, आणि तिला काटे उभारता आले नाहीत. कोल्ह्यालाही पोटदुखी होती म्हणून ती वाचली. ती घरी आली आणि म्हणाली, "बाबा, काटे कसे उभे करतात, सांगा ना. मला आठवत नाही." साळबा तिच्यासमोर काटे उभारून दाखवत राहिला. ती बघत राहिली. तो त्या दिवशी जेवला नाही.

कथील बाळगणे तोवर गुन्हा झाले होते. त्याच्या रडण्याने जनतेत असंतोष पसरतो, असे हुकमात म्हटले होते. साळबाकडे एक कांडी उरली होती. त्याने दार लावले, लहान पातेले तापवले, आणि राजा नव्हता म्हणून कांडी लेकीच्या कानाशी धरून वाकवली. कांडी रडली.

"कसला रडका धातू आहे," बाभळी म्हणाली. शाळेत तसेच शिकवत होते.

त्याने पातेले चंद्रासारखे पांढरे केले, त्यात सार शिजवले आणि तिच्या तोंडाला वाडगा लावला. तिने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"बाबा, ह्यात तुम्ही काहीतरी मिसळलंय."

"चिंच मिसळलीय, बाळ."

"सरकारी सारातही चिंच असते. ते असं लागत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आले. "मला का मारताय, बाबा?"

दुसऱ्या दिवशी तिने हे टिटवीला सांगितले. तिचा हेतू वाईट नव्हता. बापाला कुणीतरी समजवावे एवढेच तिला वाटत होते. साळबावर भेसळीचा खटला चालला. पुरावा म्हणून ते सार न्यायालयात सगळ्यांना चाखवण्यात आले. सगळ्यांची तोंडे वाकडी झाली. साळबाला जन्मठेप झाली, आणि जनतेने समाधान व्यक्त केले.

तुरुंगात सरकारी सार येई. साळबाने नऊ दिवस त्याला तोंड लावले नाही. दहाव्या दिवशी सरकारने वाडगा बाभळीकडे दिला आणि तिला आत पाठवले. तिने तो दोन्ही लुळ्या मनगटांत कसाबसा धरला होता. सार हिंदकळत होते आणि तिच्या पोटावर सांडत होते.

"घ्या ना बाबा, मला धरवत नाही," ती म्हणाली.

साळबाने तो वाडगा घेतला. ती समोर उभी होती, आणि तो पिईपर्यंत हलणार नव्हती. तो प्याला.

त्याच दुपारी टिटवीने दवंडी दिली की विरोधी पक्षालाही सार गोड लागले असून, राज्यात आता कोणत्याही प्रश्नावर मतभेद उरलेला नाही.