दुपारची घंटा आणि मोट

फार जुनी गोष्ट. लहानांनी ऐकावी, थोरांनी जास्त ऐकावी.

एका माळावर एक गाव होते. गावात प्रभूचे छोटे देऊळ आणि देवळापाशी एकच विहीर. मोटकरी बैल जुंपून मोट ओढी आणि सारे गाव पाणी पिई.

वाडवडिलांचा रिवाज होता. दुपारी देवळाची घंटा झाली की मोट थांबायची. मोटकरी बैल सोडून प्रार्थनेला बसायचा. कडुनिंबाची सावली धावेवर, म्हणजे बैलांच्या उतरत्या वाटेवर, आली की पुन्हा मोट जुंपायची.

एका वर्षी पाऊस आला नाही. आसपासची गावेही याच विहिरीवर आली. रांग वेशीपर्यंत गेली.

दुपारी घंटा झाली. सवयीने बैल थांबले. मोटकऱ्याने आसूड उगारला.

घंटा वाजवणारी म्हातारी म्हणाली, "बाळा, बैलांना कळतं ते तुला कळेना का?"

"आत्या, लोक तहानेने तळमळतायत. मी डोळे मिटून बसू? हीसुद्धा देवाचीच सेवा आहे. तू आपली घंटा बडव."

म्हातारी घंटा मात्र रोज वाजवत राहिली.

मोटकऱ्याने दुपारची प्रार्थना सोडली. मग सकाळची सुटली, मग रात्रीची. तो बैलांवर खेकसू लागला, नंतर माणसांवर. एक बाई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन रांग सोडून पुढे आली. "मागे हो," तो ओरडला. ती रिकामी घागर घेऊन परत गेली.

त्याच दुपारी मोट वर आली ती चिखलाने भरलेली. पुन्हा सोडली. पुन्हा चिखल.

"विहीर मेली," लोक म्हणाले. काहींनी गाव सोडायला बोचकी बांधली.

म्हातारी मोटकऱ्याला म्हणाली, "मेली नाही. तू तिला भरू दिलं नाहीस. झऱ्यांना वेळ लागतो. तुलाही लागतो. प्रभूभोवती काय कमी गर्दी होती? तरी तो उठून एकटा डोंगरावर प्रार्थनेला जायचा. तू त्याच्यापेक्षा मोठा झालास?"

मोटकऱ्याने बैल सोडले. काठावर गुडघे टेकले. शब्द आठवेनात. कितीतरी वेळ तो नुसताच बसला. मग त्या बाईचे लेकरू डोळ्यांपुढे आले आणि तो रडला. तीच त्याची प्रार्थना झाली.

खाली थेंब टपकू लागले. रांगेतला प्रत्येक जण ऐकत उभा राहिला.

सावली धावेवर आली. मोट वर आली, निम्मीच, पण निर्मळ. पहिली घागर त्याने स्वतः डोक्यावर घेतली आणि त्या बाईच्या दारी नेली.

पुढे रोज घंटा झाली की बैल थांबत आणि तोही थांबे. कुणी कुरकुरले तर म्हणे, "रागवा. पण बसा." त्या उन्हाळ्यात विहीर आटली नाही. बांधलेली बोचकी सुटली.

बोध: ज्याला दुसऱ्याची तहान भागवायची आहे, त्याने रोज देवापाशी थांबून आधी स्वतः भरून घ्यावे.