वरचा रुपया

"एक रुपयाचं नाणं पाडायला किती खर्च येतो रे?" बुवांनी विचारलं.

उमाकांत हसला. टांकसाळीत काम करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय विचारणार? आमच्या लग्नातही चौघांनी हेच विचारलं होतं.

"रुपयापेक्षा जास्त, बुवा."

सोमगिरी बुवा आपल्या मठात पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांचा हात थांबला.

मग काय, नवऱ्याला चेव आला. स्टील, साचे, वीज, पगार, सगळं सांगून झालं. त्याच्या हातात असतं तर त्याने रुपया केव्हाच बंद केला असता म्हणे.

"तोट्याचं ते ठेवूच नये, बुवा."

"कुठेच?"

"कुठेच."

मग आवाज उतरवून त्याने मूळ काम काढलं. गोदूआत्यांनी त्याला तिसऱ्या वर्षापासून वाढवलं, हे कबूल. पण आता त्यांचा दमा, औषधं, जागरणं... पेन्शन औषधालाही पुरत नाही. खोल्या दोन, संसार नवा. मठात म्हाताऱ्या माणसांची सोय आहेच, तर आत्यांना आजपासूनच...

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आत्यांनाही नव्हतं. बुवांचं दर्शन घ्यायचं म्हणून त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. आत्ता बाहेर चिंचेखाली बसून रिक्षावाल्याला भाच्याचं कौतुक ऐकवत होत्या. दर्शनाला एवढी मोठी पिशवी कशाला, असं मी निघताना विचारलं होतं. उत्तर आत्ता मिळालं.

बुवांनी पुढची शेंग सोलायला घेतली.

उमाकांतने घाईने दक्षिणेचं पाकीट पुढे केलं. आत पाचशेची नोट, वर चिकटवलेला रुपया. आहेराचं असतं तसंच.

बुवांनी नखाने रुपया सोलून काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा परत ने. तोट्याचा आहे."

"बुवा...?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. माझाही पडला असावा.

"नुसते पाचशे कसे घेता?" उमाकांत म्हणाला. "लग्नाला सोळा दिवस नाही झाले आमच्या. बिनरुपयाचं पाकीट बाराव्याला देतात."

बाहेर आत्या कशाला तरी मोठ्याने हसल्या.

बुवांनी पाकीट मांडीवर ठेवलं.

"मग आज कुणाच्या बाराव्याला आलायस?"