फळ्यावरची आई

देऊसकर सरांचा ‘माय मदर’ हा निबंध वर्षानुवर्षं जसाच्या तसा फळ्यावर उतरत आला होता. मुलांनी तो घोकायचा आणि परीक्षेत ओकायचा, अशी वेंगुर्ल्याजवळच्या त्या शाळेची रीतच होती. त्यातली आई पहाटे उठवायची, वेणी घालायची, गरम डबा द्यायची.

हर्षदा धुरीने मात्र वहीत उतरवताना प्रत्येक विधानाचा प्रश्न करून टाकला. आई पहाटे उठते का? ती कुणाची वेणी घालते? ती स्वतः गरम जेवते का?

सरांचा पारा चढला. “कालच वाक्यांचे प्रकार शिकवले ना? मी विधानं दिली, तू प्रश्न का केलेस? माझ्यापेक्षा जास्त इंग्रजी येतं तुला?”

हर्षदा उभी राहिली. तिची वेणी तिनेच घातलेली होती, जराशी वाकडी.

“नाही सर. पण माझी आई मस्कतला एका घरी मुलं सांभाळते. पहाटे ती त्यांना उठवते, डबा त्यांना देते. तुमची विधानं त्या मुलांनी लिहिली तर खरी ठरतील. माझ्या वाट्याला प्रश्नच येतात.”

सरांनी डस्टर उचललं आणि इतक्या वर्षांची ती आई फळ्यावरून पुसून टाकली.

“लिहा,” ते पाठमोरेच म्हणाले, “आपापली.”