मासा, कण्हेर आणि कानस

फार फार जुनी गोष्ट आहे, त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवू नये इतकी जुनी. तिथल्या राजाचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. न्हाव्याच्या हातात नखं काढायची धारदार नराणी असते, म्हणून त्याने न्हाव्यालाच हाकलून दिलं होतं. त्याची नखं घारीसारखी वाढली, पण तसं सांगायची कुणाची छाती होत नव्हती.

राजाची सून डोंगरापलीकडची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघताना तिने घरातल्या सगळ्यांना नखं घासायची एकेक छोटी कानस दिली, चांदीच्या मुठीची. राणीच्या मुठीवर केवडा होता, राजपुत्राच्या मुठीवर मोर. राजाच्या मुठीवर राज्याच्या निशाणावरचा मासा, आणि त्याच्याभोवती सुनेच्या माहेरची कण्हेर.

"मामंजी, मी परत येईपर्यंत रोज वापरा हं," सून म्हणाली. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. तिच्या माहेरी ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. इथे सांगावं लागेल, हे बिचारीच्या ध्यानातच आलं नाही.

राजाच्या मनात पाल चुकचुकली. कण्हेर तर विषारी! आणि ती आमच्याच माशाभोवती? हा फास नाही तर काय? शिवाय रोज वापरा, हा आग्रह कशाला?

"अहो, माझी मी रोज वापरते. मला काय झालंय?" राणी म्हणाली.

"तुम्हाला काही होऊ नये, म्हणूनच तर तुम्हाला केवडा!"

राजाने ती कानस एका बकरीला चाटायला लावली. बकरीने कानस चाटली, वर तिची रेशमी पिशवीही खाल्ली आणि आणखी मिळतंय का बघत उभी राहिली. "हळू चढणारं विष असेल," राजा म्हणाला, आणि त्याने कानस लोखंडी पेटीत कुलूपबंद केली.

नातवंडाची मात्र तो डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होता. पाळण्याची दोरी न् दोरी त्याने स्वतः ओढून पाहिली होती.

सून बाळाला घेऊन परतली. राजा धावतच पुढे गेला. तिने हसून बाळ त्याच्या हातांवर ठेवलं. पुढच्याच क्षणी बाळाने टाहो फोडला. गालावर लांब ओरखडा उठला होता आणि त्यातून रक्त येत होतं.

"दरवाजे लावून घ्या! कुणी केलं हे?" राजा गरजला.

सगळे त्याच्या बोटांकडे बघत होते. शेवटी त्यानेही खाली बघितलं.

सुनेने बाळ पोटाशी घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. "मामंजी, आमच्याकडे घरी आलेलं बाळ पहिल्यांदा आजोबा उचलतात. त्यांची नखं लागू नयेत म्हणून आधी कानस देतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

राजाने पेटी उघडवली. मान खाली घालून तो कितीतरी वेळ नखं घासत बसला.

बाळाचा ओरखडा लवकरच मिटला. पण राजाने हात पुढे केले की ते आईच्या पदरात तोंड लपवायचं, आणि राजा आपले मऊ, रिकामे हात मागे घ्यायचा.

जो संशयाची नखं वाढवतो, त्याच्या हातून पहिला ओरखडा त्याच्याच माणसाला उठतो.