भुरी आणि टिकलीचं घर

एका गावात एक बुरूड राहायचा. सूप, टोपली, कोंबड्यांचं डालगं, काय म्हणाल ते त्याच्या हातून असं उतरायचं की पंचक्रोशीतल्या कोंबड्या दुसऱ्या कुणाच्या डालग्यात शिरायला नाक मुरडायच्या. निदान बुरूड तरी तसंच सांगायचा. त्याला एकच मुलगी होती, शेवंती.

एका बाजाराच्या दिवशी शेवंतीचं नशीब उघडलं. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी टोपलीतून दोन गिनीपिग काढून तिच्या मांडीवर ठेवले. उंदराहून गुबगुबीत, सशाहून लहान, कान इवलेसे आणि शेपटीचा तर पत्ताच नाही! एक सगळीच्या सगळी भुरी, दुसरीच्या कपाळावर पांढरा ठिपका. शेवंतीने तिथल्या तिथे बारसं उरकलं: भुरी आणि टिकली.

“आठ दिवसांसाठी देतेय हं,” बाई म्हणाल्या. “पुढच्या बाजाराला हीच टोपली घेऊन येईन. दोघी सुखात दिसल्या तर तुझ्या. नाहीतर परत नेईन. चालेल?”

“चालेल!” शेवंती एवढ्या जोरात ओरडली की शेजारची म्हैस दचकून उभी राहिली.

बातमी आत्याच्या कानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी आत्या शहरातून पिंजरा घेऊन हजर! काय तो पिंजरा! गुलाबी रंग, तीन मजले, मजल्यामजल्याला शिडी, वर घंटा. शेवंती त्याच्याभोवती तीनदा नाचली.

बुरुडाचा चेहरा मात्र पडला. “बुरुडाच्या घरात विकतचा पिंजरा? गाव हसंल मला!”

“दादा, तुझ्या डालग्यात कोंबड्या ठेव,” आत्या म्हणाली. “हे शहरातलं जनावर आहे.”

झालं! बुरुडाने कोयता उचलला, बांबू फोडला आणि चार दिवसांत एक महाल विणला. गोल, उंच, वर घुमट, घुमटाला नक्षी. बघायला अर्धं गाव लोटलं. कुणी म्हणे विकतचा भारी, कुणी म्हणे हातचा. पैजा लागायच्या तेवढ्या बाकी होत्या. शेवंतीला दोन्ही आवडले होते, त्यामुळे तिची फार पंचाईत झाली.

या सगळ्या गडबडीत भुरी आणि टिकलीकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. चार दिवस त्या गुलाबी पिंजऱ्यात तळमजल्याच्या एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. शिडीवर एकदाही चढल्या नाहीत. तळाला तारेची जाळी, तिच्यावर बसून पावलं लाल झाली होती. ते शेवंतीला पाचव्या दिवशी दिसलं आणि तिने धावत जाऊन बापाला सांगितलं.

“बघ! मी म्हणलो नव्हतो?” बुरूड खूश झाला आणि त्याने दोघींना महालात ठेवलं.

सहाव्या दिवशी सकाळी शेवंतीने पाहिलं, तर महालाला मुठीएवढं भगदाड! बांबूच्या कामट्या कुरतडून दोघी पसार!

“आबा! भुरी गेली! टिकली गेली!”

मग काय पळापळ! बुरूड चुलीमागे, आत्या माळ्यावर, शेवंती कणगीखाली. मांजर दारात बसून शांतपणे पंजा चाटत होतं, ते बघून तर शेवंतीला रडूच फुटलं. तेवढ्यात पडवीतून आवाज आला: “वीऽक! वीऽक!”

पडवीत बुरुडाने विकायला विणलेली लांबलचक चटई गुंडाळून आडवी ठेवली होती. तिच्या एका टोकातून भुरी सुसाट बाहेर आली, मागोमाग टिकली. दोघी भिंतीपर्यंत धावल्या, वळल्या, पुन्हा चटईत शिरल्या, दुसऱ्या टोकाने निघाल्या आणि चक्क जागच्या जागी उड्या मारायला लागल्या! आठवड्यात पहिल्यांदाच!

बुरूड पकडायला धावला. शेवंतीने त्याचा हात धरला. “थांबा आबा. बघू तरी द्या!”

तिने मांजराला बाहेर हाकललं, पडवीचं फाटक ओढून घेतलं आणि फतकल मारून बसली. दुपारपर्यंत बसली. मग एकदम टाळी वाजवून उठली.

“आबा, ह्या कोंबड्या नाहीत! ह्यांना उंच नको, लांब हवं! वर चढायला नको, पळायला हवं! आणि भीती वाटली की शिरायला बीळ!”

बुरूड डोकं खाजवत महालाकडे बघत राहिला. आजवर जनावरासाठी जे विणलं ते गोल आणि उंचच विणलं होतं. हात आपोआप तिकडेच वळले होते. “गाढव आहे मी,” तो म्हणाला आणि मनापासून हसला.

मग दोन दिवस घरात नुसता उत्साह! शेवंतीने गुलाबी पिंजऱ्याचे खटके सोडले आणि त्याच्या जाळ्या सुट्या करून पडवीत लांबच लांब कुंपण उभं केलं. आत्याने खाली गोणपाट आणि त्यावर जाड गवत अंथरलं. बुरुडाने नक्षीचा घुमट कापून त्याची बुटकी झोपडी केली, मधोमध चटईचं बीळ ठेवलं आणि मांजराची डाळ शिजू नये म्हणून वरून घट्ट विणीचं झाकण टाकलं.

बाजाराच्या दिवशी बाई आल्या. हातात तीच टोपली. शेवंती कुंपणापुढे जाऊन उभी राहिली.

बाई खाली बसल्या. भुरीची पावलं पाहिली, लाली उतरत आली होती. टिकलीचं पोट चाचपलं. सोडल्याबरोबर दोघी बिळातून सुसाट गेल्या, परतल्या आणि बाईंच्या नाकासमोर उंच उडाल्या.

“अगं बाई!” बाई हसल्या. “हे घर विकतचं की हातचं?”

“दोन्ही!” शेवंती म्हणाली. “पण कसं बांधायचं ते ह्या दोघींनीच सांगितलं.”

बाईंनी रिकामी टोपली हळूच कुंपणात ठेवली. “ही मला आता कशाला हवी? कुरतडू देत त्यांना.”

शेवंतीने अशी काही उडी मारली की भुरी-टिकलीसुद्धा थांबून बघत राहिल्या.

तात्पर्य एवढंच: घर विकत आणा नाहीतर हाताने बांधा, आधी त्यात राहणाऱ्याकडे नीट बघा, आपली हौस त्याचं सुख असेलच असं नाही.