हळद्याचा उपास

काचेच्या टाकीत समुद्र पाळायची हौस लोकांना नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. माशांच्या एका दुकानात हळद्या आणि त्याची बहीण केतकी असे दोन पिवळे टँग मासे होते. हळद्याच्या मनातून समुद्र काही जात नव्हता. गिऱ्हाईक धडधाकट मासाच निवडतं, हे त्यानं हेरलं होतं. म्हणून त्यानं खाणंच सोडलं. नको झालेला मासा दुकानदार परत समुद्रात सोडत असणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

"दादा, दोन घास तरी खा," केतकी रोज विनवायची.

"तू खा. मला घरी जायचंय."

एके दिवशी एक बाई आल्या आणि टाकीसमोर बसून राहिल्या. "आधी यांना खायला घाला, मग बघू," त्या दुकानदाराला म्हणाल्या. त्यानं शेवाळाचं पान काचेला अडकवताच केतकी त्यावर तुटून पडली. हळद्या कोपऱ्यात निपचित राहिला.

"याचं पोट खपाटीला गेलंय. ती द्या," बाई म्हणाल्या.

केतकी गेली. हळद्यानं आशेनं तळाच्या म्हाताऱ्या खेकड्याला विचारलं, "आजोबा, मला समुद्रात कधी सोडतील?"

खेकडा म्हणाला, "बाळा, दुकान उघडल्यापासून इथे आहे. समुद्रात परत गेलेला मासा मी एकही पाहिला नाही."

हळद्या कसाबसा काचेपाशी गेला. केतकीनं नेहमीसारखं अर्धं पान त्याच्यासाठी ठेवलं होतं. त्यानं ते तोंडात धरलं, पण तोडायची ताकद आता उरली नव्हती.